शनिवारची पाच मिनिटं

मी विमानाचं इंजिन बोलतोय. लगेच मान वर करून आभाळात शोधू नका. मी खाली आहे, केळझरच्या अलीकडे एका पत्र्याच्या हँगरमध्ये, कोपऱ्यातल्या लोखंडी स्टँडवर. माझं एक सिलिंडर काढून ठेवलंय, आतलं सगळं दिसावं म्हणून. मला त्याची लाज वाटत नाही. लाज वाटायला जे लागतं, ते कारखान्यात कोणी माझ्यात बसवलंच नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. चार सिलिंडर, थंड व्हायला पाणी नाही, नुसता वारा. मोठ्या विमानांच्या इंजिनांना मी शेतातल्या पंपाचा भाऊबंद वाटेन, आणि ते फारसं खोटं नाही. माझ्यासोबत एक जाडजूड पुस्तिका आली होती. सुमारे दोन हजार तास उडालो की मला पूर्ण उघडून नव्याने बांधावं, असं तिच्यात लिहिलं होतं. माणसं तो आकडा वाचतात आणि तेवढं आयुष्य नक्कीच मिळणार असं धरून चालतात. तसं नसतं. नीट सांभाळलं तर माझ्या जातीतले काही त्या आकड्याच्या पुढेही ठणठणीत चालतात, आणि काही अर्ध्यातच मोडीत जातात.

मला इथे आणलं धनंजयभाऊंनी. घरची शेती कापसाची, पण या माणसाचं लक्ष लहानपणापासून आभाळात. माळावर धावपट्टी, हे हँगर, दोन आसनांचं एक विमान आणि पोरापोरींना उडायला शिकवणारी छोटीशी शाळा, एवढा त्यांचा पसारा. त्या विमानाच्या नाकात मी बसलो.

माझी देखभाल मोहिनीकडे होती. ती सिंदी मेघेची, परवाना असलेली इंजिनिअर, बोलायला मोजकी. तिची सही झाल्याशिवाय मी जागचा हलत नसे. ठरावीक तास उडालो की ती माझं तेल बदलायची, जुना फिल्टर कापून आतला कागद परातीत पसरायची आणि धातूचा एखादा कण चमकतोय का ते उन्हात बघायची. तांदूळ निवडताना बायका बघतात, तसं. शिकणाऱ्यांच्या मागे तिचा एकच धोशा असायचा. सकाळी गरम होऊ द्या, मग पळवा. उतरताना हळूहळू थंड होऊ द्या.

तिच्या हाताखाली मी जवळजवळ रोज उडालो, आणि उडालो म्हणूनच चांगला राहिलो. माणसांना हे उलटं वाटतं. वापरलं की झिजतं आणि ठेवलं की टिकतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी तासभर उडालो की तेल नीट तापतं, आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो आणि प्रत्येक भागावर तेलाचा ताजा हात फिरतो. मला बसून राहण्याची भीती होती, उडण्याची नव्हती.

एकदा भाऊंनी आपल्या आईला, देवकाबाईंना, वर नेलं. धावपट्टी सुटली तशी बाईंनी डोळे मिटले ते स्वतःच्या शेतावर आल्यावरच उघडले. बराच वेळ खाली बघून म्हणाल्या, "आपलं वावर येवढुसंच हाय का रे? मले तं निंदता निंदता जलम पुरला नाई."

भाऊ उतरेपर्यंत हसत होते. त्या दिवसापासून ते मला 'मायचं इंजिन' म्हणायला लागले. मी कोणाचंच नव्हतो, पण हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पुढे शिकवणारे कॅप्टन दुसऱ्या शहरात गेले. नवे मिळेनात, म्हणून शाळा बंद पडली. त्याच उन्हाळ्यात देवकाबाई वारल्या. मोहिनीला नागपुरात मोठ्या विमानांच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. जाण्याआधी तिने मला रीतसर झोपवलं. गंज धरू न देणारं तेल भरलं. वरचे स्पार्क प्लग काढून त्या भोकांत पारदर्शक बुचं बसवली. त्यांत ओलावा शोषणारे निळे दाणे होते, ओलावा प्यायले की ते गुलाबी होतात. हवा आत घेण्याचं तोंड आणि धुराची नळी बोळे घालून बंद केली. भाऊंना बजावलं, की चालू करू नका, आणि दाणे गुलाबी दिसले तर मला फोन करा.

ती गेली आणि भाऊ हँगरमध्ये आले. राखणदार पुनाजी सोबत होता. भाऊ माझ्या बुजवलेल्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"पुनाजी, मायच्या नाकात असेच बोळे घातले होते," ते म्हणाले. "जित्त्याच्या नाकात कोणी घालते का?"

मोहिनीताईले विचारून घ्या, असं पुनाजी म्हणाला. भाऊ हो म्हणाले आणि त्यांनी एकेक करून सगळे बोळे उपसले, बुचं काढून जुने स्पार्क प्लग परत बसवले. विचारलं मात्र नाही.

मग शनिवार सुरू झाले. शनिवार मारुतीचा, आणि मारुती वाऱ्याचा लेक, म्हणून भाऊंनी तो वार धरला. माझ्यापुढे नारळ फोडायचे, जास्वंद वाहायचे आणि मला पाच मिनिटं चालू करायचे. माझा आवाज माळभर जायचा. भाऊ दुपट्ट्याने डोळे पुसायचे आणि पुनाजीला म्हणायचे, की पाह्य, जित्तं हाय.

पाच मिनिटांत मी धड तापायचोही नाही. जळलेल्या पेट्रोलचा ओलावा आतच राहायचा. माझ्यात वरच्या बाजूला एक दांडा असतो, कॅमशाफ्ट. तेल सगळ्यात आधी त्याच्यावरूनच ओघळतं. शनिवारमागून शनिवार तो ओला होत गेला आणि दोन पावसाळ्यांत गंजला. मला सांगता येत नव्हतं. आवाज तर उत्तम होता, आणि मोहिनीने फोनवर विचारलं की भाऊ म्हणायचे, मस्त हाय. ते खोटं बोलत नव्हते.

अखेर नवे कॅप्टन मिळाले. दसऱ्याला शाळा पुन्हा उघडायची आणि पहिलं उड्डाण मायच्या इंजिनावरच करायचं, असं भाऊंनी गावभर सांगून टाकलं. मला तपासायला मोहिनी आली. बुचं कुठे आहेत, तिने विचारलं. भाऊंनी शनिवारचं सगळं हौसेने सांगितलं. तिने एक सिलिंडर उतरवलं आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. कॅमशाफ्टवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते, आणि गंज खालच्या मुख्य दांड्यापर्यंत पोचला होता.

"भाऊ, हे आता उडत नाई."

"आवाज तं ऐक एकदा."

"आवाज चांगलाच येईन. वर गेल्यावर लोखंडाचा चुरा तेलात उतरन, आन् बाजूच्या सीटवर कोणाचं तरी लेकरू राहीन."

भाऊ स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "मी काहीच नसतं केलं तं?"

मोहिनीने बॅटरी बंद केली. काही सौम्य सांगता येईल का, ते तिने शोधून पाहिलं असावं.

"तं उडालं असतं," ती म्हणाली.

मला राग आला नाही. माझ्या जातीतले बरेच जण दुर्लक्षाने जातात. मी मायेने गेलो, फरक एवढाच. पण स्टुलावरचा तो माणूस बघून मला वाईट वाटलं, हे मात्र खरं.

विमानाला नवं इंजिन आलं. शाळा चालू आहे. मोहिनी अधूनमधून येते आणि माझ्या उघड्या पोटात बोट घालून शिकणाऱ्यांना ते खड्डे दाखवते. उडण्यासाठी नाही, तर नाही, यासाठी तरी मी उपयोगी आहे. तुमच्या घरीही एखादं यंत्र बंद पडून असेल. चालवायचं तर पोटभर चालवा, नाहीतर नीट झोपू द्या. जीव आहे म्हणून उगाच उठवू नका.

यंदा पावसाने धावपट्टी चिखलात गेली आणि उड्डाणं थांबली. नव्या इंजिनाला झोपवायला मोहिनी आली, तेव्हा भाऊ म्हणाले, "दे इकडे. बोळे मी घालतो." शेवटच्या नळीपाशी त्यांचा हात थांबला. मोहिनी घाई न करता उभी राहिली. मग त्यांनी तोही बोळा नीट दाबून बसवला.

शनिवारी भाऊ अजून येतात. आता नारळ मारुतीच्या तसबिरीपुढे फुटतो. विमानाची किल्ली खिळ्याला असते, तिकडे ते बघत नाहीत. दोन्ही हात मांडीखाली दाबून ते नव्या इंजिनासमोर स्टुलावर बसतात, साधारण पाचेक मिनिटं. मग उठून, वाकून पारदर्शक बुचांतले दाणे बघतात. जाताना माझ्याजवळ थांबतात आणि माझ्या थंड अंगावर हात ठेवतात.

"निळेच हायेत, माय," एवढंच म्हणतात.