आरोपीनं उलट बोलू नये

आमेदे फरशीवर पालथा पडला होता. नाक दगडाला टेकलेलं, हात पसरलेले, आणि भिंतीलगत बसलेले तीस संन्यासी बंधू त्याच्या पाठीकडे बघत होते. मठातली ही रोज सकाळची अपराध-सभा. इथे एकानं दुसऱ्याचा दोष सांगायचा आणि दुसऱ्यानं पालथं पडून ‘माझा अपराध’ म्हणायचं. स्वतःची बाजू मांडायची नाही. ज्यानं आरोप केला त्याच्यावर त्या दिवशी उलट आरोपही करायचा नाही. भांडणं टळावीत म्हणून कुणा भल्या माणसानं हा नियम केला असणार. त्याला इसार्नसारखा कुणी भेटला नसावा.

आज इसार्ननं आधी बाजी मारली होती.

“रुग्णशाळा बंधू आमेदेकडे. काल बंधू रेनो गेला तो त्याच्या औषधानं,” तो हळव्या आवाजात म्हणाला. “माझा राग नाही हो, बाबा. पण तिथली किल्ली काही दिवस माझ्याकडे द्या. तिथं आजारी पडलेल्या म्हाताऱ्या विडालचं मी बघतो.”

बाबा म्हणजे मठाधिपती. त्यांना इसार्नचं भारी कौतुक. हा माणूस आठवड्यातले चार दिवस उपाशी राहायचा, बर्फात अनवाणी फिरायचा, आणि आजाऱ्यांना मटणाचा रस्सा दिला की याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मरताना जिभेवर मांस घेऊन देवासमोर कसे उभे राहणार बिचारे, म्हणायचा. सगळ्यांना वाटायचं, किती कनवाळू!

इसार्ननं रेनोला पाजलेला पेला आज पहाटे पलंगाखाली आमेदेच्या हाताला लागला होता. तळाशी बचनागाच्या मुळीच्या चकत्या. बागेत तो सांधेदुखीच्या तेलासाठी लावलेला; पोटात गेला की माणूस संपला. पण सभा भरेपर्यंत मौन, म्हणून आमेदे दातांवर दात दाबून गप्प राहिला. आणि सभा भरली तेव्हा इसार्न आधी उभा राहिला.

उद्या बोलता आलं असतं. पण विडाल मिटक्या मारत रस्सा पिणारा. त्यानंच आमेदेला अक्षरं शिकवली होती, तीही शिव्या देत देत. किल्ली इसार्नकडे गेली तर विडालला उद्या दिसणार नव्हता. तोंडात जीभ होती आणि ती हलवायची सोय नव्हती.

“आमेदे, काही म्हणायचंय?” बाबांनी विचारलं. म्हणजे, स्वतःचा आणखी काही अपराध?

“आहे, बाबा. माझा अपराध. रेनोच्या पेल्यात बंधू इसार्नच्या हातचं औषध उरलं होतं. टाकवेना. आज थंडी म्हणून सगळ्यांना गरम वाइन दिली ना, तीत ओतलं. कुणाला न विचारता.”

“हात्तिच्या! एवढंच?” कोठाराचा बंधू पोंस म्हणाला. “मला वाटलं, माझं चीज चोरलंस!”

दोघं-तिघं हसले. इसार्न हसला नाही. भेगाळलेली अनवाणी पावलं आमेदेच्या डोळ्यांपुढे येऊन थांबली.

“सगळ्यांनी घेतली?”

“सगळ्यांनी. तू सोडून.”

“बाबांनीही?”

“दोन पेले,” बाबा म्हणाले. “का रे?”

इसार्न मटकन खाली बसला आणि जत्रेत चुकलेल्या पोरासारखा रडू लागला.

“मी नाही घेतली! उपास होता म्हणून नाही घेतली! रेनोला मी शुद्ध करून धाडला. आता तुम्हीही सगळे सुटाल, आणि मी एकटाच इथं मागे राहणार!”

पोंसनं घशात बोटं घातली, कुणी दाराकडे धावलं, बाबांनी दोन्ही हातांनी पोट धरलं.

“माझा अपराध!” आमेदे ओरडला. “खोटं बोललो, बाबा! वाइनमध्ये काही नव्हतं. पेला जसाच्या तसा माझ्या कपाटात आहे. कुणालाही पाठवा, बघू द्या.”

इसार्नचं रडणं थांबलं. त्यानं वाकून आमेदेकडे पाहिलं, आणि त्या नजरेत खरोखरची दया होती.

“म्हणजे कुणीच सुटलं नाही?”

दोघांनी त्याला दंडाला धरून नेलं. तो मुकाट्यानं गेला. बाबा मुठीतल्या किल्लीकडे बघत राहिले. ती त्यांनी इसार्नला द्यायला जुडग्यातून कधीच काढून ठेवली होती. आमेदेला ‘ऊठ’ म्हणायचं त्यांना सुचलं नाही, आणि म्हटल्याशिवाय उठायचं नाही. तो तसाच दगडावर कपाळ टेकून पडून राहिला. रेनोसाठी रडायला त्याला आता कुठे सवड मिळाली होती.