डावा गाल

बाबांनी हिरवा दगड सदऱ्याच्या टोकाला पुसला, दोन्ही तळव्यांत धरून त्याला ऊब आणली आणि खुर्चीच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

"मान टाक मागे. बाहेरून दमून आल्यासारखी."

"बाहेरून कशी येऊ? इतके दिवस घरातच तर आहे."

"मग घरातच दमल्यासारखी."

तिनं मान मागे टाकली. कपाळावर तेलाचे दोन थेंब पडले आणि दुपार हळूहळू पातळ होत गेली. समोरच्या दोरीवर नुकत्याच खळ लावलेल्या पुठ्ठ्यांची कापडी कव्हरं वाळत होती. खिडकीतून वारा आला की ती एकदम हलायची, आणि खोलीभर खळीचा ओलसर, गोडसर वास पसरायचा. या वासात ती लहानाची मोठी झाली होती. बाबा बाइंडर. फाटक्या, सुट्या झालेल्या पुस्तकांना पुन्हा अंगावर कपडे चढवून देण्यात त्यांचा जन्म गेलेला.

चेहरा चोळायचा हा दगड तिचा. शाळेत तिच्याबरोबर शिकवणाऱ्या मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलेला, सोबत एक छोटा दगडी रोलरही. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती आरशासमोर उभी राहून चेहऱ्याला तेल लावायची आणि हनुवटीपासून कानापर्यंत रोलर फिरवायची. बाबांना चहाबरोबर फुकटची करमणूक.

"रस्त्यावर फिरतो तो आजोबा आणि हा त्याचा नातू," ते म्हणायचे. "डांबर तेवढं टाकू नकोस म्हणजे झालं."

आणि मग एका सकाळी चूळ भरताना पाणी आपोआप ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. तिनं आरशात पाहिलं तर चेहऱ्याच्या डाव्या बाजूनं संप पुकारलेला. भुवई उतरलेली, ओठ लोंबलेला, डोळा मिटता मिटेना. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, येईल ताळ्यावर, पण कधी ते सांगता येत नाही. हलक्या हातानं मालीश करा. आता करा म्हणजे कशी? मालिशीला आरसा लागतो, आणि आरशावर तर तिनं त्याच दिवशी टॉवेल टाकला होता. शेवटी बाबांनीच दगड उचलला. कागदाची घडी ते ज्या हाडाच्या पट्टीनं दाबत, तिच्याशेजारी दगड धरून बघितला आणि म्हणाले, "हा आमच्या पट्टीचा श्रीमंत चुलतभाऊ दिसतोय. जमेल मला."

जमलंही. इतकं की रोज दगड उजव्या कानापर्यंत पोचायच्या आत तिचा डोळा लागायचा. डोळा लागायचा म्हणजे एकच. दुसरा अर्धवट उघडाच. त्या फटीतून खोली तिच्या झोपेत शिरायची. दोरीवरची कव्हरं पाण्याखाली पोहल्यासारखी दिसायची, खिडकी उचलून कुणीतरी दूर नेऊन ठेवायचं, आणि बाबांचा हात एखाद्या नावेसारखा तिच्या चेहऱ्यावरून पलीकडच्या तीराला निघायचा. नाक ओलांडायचा, डाव्या गालावर उतरायचा, आणि तो गाल आळस देत कुशीवर वळायचा. जाग यायची तेव्हा दगड टेबलावर असायचा आणि बाबा खाली मान घालून सुईत दोरा ओवत असायचे. तिला वाटायचं, आज डावीकडचं छान झालं.

आज मात्र झोप येईना. सकाळी शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला होता. सोमवारी येणार का? संध्याकाळपर्यंत नक्की सांग, नाहीतर छोट्यांच्या वर्गावर दुसरी कुणी तरी घ्यावी लागेल. बरोबरच होतं त्यांचं. आणि तिचंही ठरलेलं होतं. नाही म्हणायचं. मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात तिच्याच वर्गातली एक चिमुरडी भेटली होती. हिनं आपलं सवयीनं हसून बघितलं, तर पोर आईच्या मागे दडली ती दडलीच.

पण खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आजारपण आल्यापासून बाबा तिच्याकडे सरळ बघत नव्हते. बोलायचे ते हातातल्या पुस्तकाशी. जेवायला बसायचे ते तिच्या शेजारी, पूर्वीसारखे समोर नाही. मालीश करायची ती मागे उभं राहून. ज्या तोंडाकडे जन्मदात्याला बघवत नाही, ते लोकांच्या लेकरांना कशाला दाखवायचं?

दगड उजव्या जबड्यावरून कानाकडे गेला. गालाच्या हाडाखालून गेला. कपाळाच्या कडेला जाऊन थोडा थांबला आणि परत हनुवटीशी आला. ती डोळा मिटून वाट बघत राहिली. आता नाक ओलांडेल, आता ओलांडेल. दगड पुन्हा उजवीकडूनच वर गेला, मग फडक्याला पुसल्याचा आवाज आला, आणि बाबा चवड्यांवर चालत टेबलाकडे निघाले.

"आणि डावीकडचं?"

बाबा दचकले. "अगं, जागी आहेस होय?"

"डावीकडचं राहिलं."

"राहिलं नाही." ते दगड ठेवायला जागा शोधू लागले. "डावीकडचं मी करतच नाही."

"करत नाही म्हणजे? कधीच?"

"कधीच नाही."

ती खुर्चीत सरळ बसली. तिच्या डोक्यात तिडीक गेली. 'बाबा' म्हणायलासुद्धा आताशा तिचे ओठ नीट मिटत नसत, अर्धा शब्द वाऱ्यावर जायचा. तरी तिनं तो म्हटलाच.

"बाबा, पानं लहानमोठी असली की तुम्ही काय करता? सगळ्यात छोटं पान बघायचं आणि बाकीची त्याच्या मापानं छाटायची. तेच चाललंय ना इथं? ही बाजू वर येत नाही, तर ती ओढून खाली आणायची. म्हणजे झाल्या दोन्ही सारख्या!"

"छे गं!" बाबांचा चेहरा एकदम पडला. "माणसाचं तोंड कुणी छाटतं का? काय बोलतेस तू!"

"मग मागे का उभे राहता? समोरून बघवत नाही, असंच ना? सांगून टाका एकदाचं."

बाबा स्टूल ओढून तिच्या पाठीशीच बसले. दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. वारा पडला होता आणि दोरीवरची कव्हरं गप्प होती.

"डावी झोपलीय," ते शेवटी म्हणाले. "उठायचं तेव्हा उठेल. झोपलेल्याला काय चोळत बसायचं? राबतेय ती उजवी. बोलायचं तिनं, घास चावायचा तिनं, गळणारं पाणी सावरायचं तिनं. दोघींचं काम एकटी ओढतेय. हाताला लागते ना मला, नुसती ताठलेली असते. आणि सगळ्यांचं लक्ष मेलं डावीकडे. उजवीला कुणी विचारायचं? आता डॉक्टर दोन्हीकडे म्हणाले होते, चुकलंही असेल माझं."

दोघांचं काम एकट्यानं ओढणं म्हणजे काय, हे या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. आई गेली तेव्हा ती वेणीसुद्धा घालता न येण्याएवढी लहान होती.

"आणि समोर का येत नाही?" तिचा आवाज आता उतरला होता.

"समोर आलो की तू हसतेस."

"म्हणजे?"

"मी नुसता दारात दिसलो तरी हसतेस. मला बरं वाटावं म्हणून. उजव्या बाजूनं सगळा चेहरा ओढून ओढून. मी काय आंधळा आहे? मग म्हटलं, आपण समोर जायचंच नाही. तेवढाच त्या उजवीला आराम."

इतके दिवस ती ज्याला तिरस्कार समजत होती, तो हा एवढासा, वेडा विचार होता. हसावं की रडावं तिला कळेना.

"समोर या," ती म्हणाली.

बाबा घुटमळले. मग स्टूल उचलून पुढे आले आणि गुडघ्याला गुडघा लागेल एवढे जवळ बसले. सवयीनं तिचा उजवा गाल वर चढायला निघाला. तिनं त्याला तिथंच थांबवलं. चेहरा होता तसा राहू दिला: एक भुवई खाली, एक डोळा मोठा, ओठ एका बाजूला सांडलेले. बाबा बघत राहिले. घाई न करता, सगळीकडून.

"नाकावर तेल राहिलंय," ते म्हणाले आणि अंगठ्यानं पुसून टाकलं.

ऊन भिंतीवरून सरकून पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर गेलं तेव्हा तिनं फोन उचलला. बाबा पाठ करून कात्री शोधत होते. म्हणजे शोधत नव्हते, ऐकत होते.

"हो, सोमवारी येते," ती फोनवर म्हणाली. "फक्त पोरांना आधी एवढं सांगून ठेवा, ताई आता सारखी सारखी हसणार नाही."

पलीकडून मोठ्या बाई काळजीनं काहीतरी विचारू लागल्या.

"अहो, नाही नाही," ती म्हणाली, "रागावले कुठे? आराम करतेय."