घासूबाई खूश

वर्तमानपत्राच्या जाहिरात खात्यात ती एकटीच बाई, त्यामुळे साबण, चहा, कोको, केसांचं तेल असलं सगळं तिच्याच गळ्यात पडायचं. सायकली आणि घड्याळं पुरुषांकडे. जो चहा तिच्या घरी एकदाही उकळला नव्हता त्याचे तिने वर्षभर गोडवे गायले होते, आणि त्यात तिला काही गैरही वाटत नव्हतं.

भांडी घासायच्या पावडरीची अर्ध्या पानाची जाहिरात आली तेव्हा मात्र तिने मनावर घेतलं. लिहिलं, "कमी घासा, लख्ख दिसेल. सासूबाई खूश." शेवटचे दोन शब्द सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. कारण घरी तिची सासू होती. तान्ही नात, स्वयंपाक, ढीगभर भांडी, सगळं ती ओढायची, म्हणून ही पदर खोचून ऑफिस गाठायची. दिरांनी नाकं मुरडली तेव्हा "ती जाईल, घरचं मी बघते" असं सांगून त्यांची तोंडं बंद करणारीही सासूच. तिचे आभार मात्र राहूनच गेले होते. घरातल्या घरात आभार मानायचे म्हणजे जीभ जड होते. जाहिरातीतून ते परस्पर उरकावं, असा हिचा बेत. "उद्या शेवटचं पान बघा, तुमच्यासाठी आहे," असं तिने आदल्या दिवशी सांगूनही ठेवलं होतं.

सकाळी ऑफिसात शिरली तर सगळे दात काढत होते. पानावर ठळक छापलं होतं, "घासूबाई खूश."

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे जुळारीकाका मान खाली घालून म्हणाले, "आधी 'घासा' जुळवलं ना, हात पुन्हा 'घ'च्याच खणात गेला." त्यांना बोलून उपयोग नव्हता. प्रूफ हिनेच तपासलं होतं, आणि भांड्यांच्या जाहिरातीत 'घासू' हिच्या डोळ्यांना खुपलंच नव्हतं. उद्या दुरुस्त करून छापू, असं साहेब म्हणाले.

छापाल हो, पण आजचा पेपर घरी पोचला त्याचं काय? सासू अक्षराला अक्षर लावत का होईना, रोज पेपर वाचायची. सुनेने चारचौघांत आपली टिंगल केली असं तिला वाटलं तर? "आता तुझं तू बघ," एवढंच ती म्हणाली, की नोकरी संपली.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दुकानदाराने हसत विचारलं, "काय, घासूबाई बऱ्या आहेत ना?" ती झपाझप घराकडे निघाली.

घरात नात झोपली होती. सासू नळाखाली कढई घासत होती, आणि समोरच्या भिंतीवर ते पान चिकटवलेलं होतं.

"आई, ते चुकून झालं," ती चपला काढता काढताच म्हणाली. "मी सासूबाई लिहिलं होतं. उद्या नीट छापणार आहेत."

सासूचा हात थांबला. "चुकून?"

"हो. टिंगल नव्हती हो, शप्पथ."

"टिंगल कोण म्हणतंय?" सासूचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय. सकाळपासून गल्लीभर सांगत सुटले, दुकानदारालासुद्धा. म्हटलं, मी दिवसभर काय करते ते माझ्या सुनेच्या लक्षात आलं. पेपरात छापलं तिने."

पर्स खांद्यावर तशीच ठेवून सून ओल्या फरशीवर सासूशेजारी बसली.

"आलंय लक्षात," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आलंय. तोंडाने म्हणायचं राहिलं. तुम्ही आहात म्हणून मी ऑफिसात आहे, आई."

सासूने कढई धुतली, पालथी घातली, पदराला हात पुसले.

"मग साहेबांना सांग, दुरुस्त करू नका," ती म्हणाली. "सासूबाई काय, घरटी एक असते."