पोर्तुगालचे ब्याण्णव दिवस

कांचननं पोर्तुगालचा कागदी झेंडा सेलोटेपनं टेबलाच्या कडेला चिकटवला, दोन पावलं मागं सरून पाहिला, आणि तो वाकडा आहे असं तिचा जोडीदार ग्रेगनं म्हणायच्या आत उपटून पुन्हा लावला. आज काहीही वाकडं असून चालणार नव्हतं. आज वॉशिंग्टनला कोण जाणार ते ठरायचं होतं.

इलिनॉयमधल्या डीकाल्बच्या कॉलेजच्या हॉलमध्ये बारा शाळांची मुलं बारा देश होऊन बसली होती. युरोपनं नुकताच, म्हणजे मागच्या, अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात, एक नियम केला होता. एका देशात मिळवलेली पदवी दुसऱ्या देशानं मानायची. लिस्बनमध्ये शिकलेल्या इंजिनिअरला पॅरिसमध्ये पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायला लावायचं नाही. प्रत्येक देशानं दोन वर्षांत आपापला कायदा या नियमाशी जुळवून घ्यायचा. मुलांनी त्या त्या देशाच्या संसदेची कायदेसमिती व्हायचं, संयोजकांनी सरावापुरता बनवून दिलेला जुना कायदा घ्यायचा आणि नव्याचा मसुदा लिहायचा. ज्यांचा मसुदा सगळ्यांत चोख, ती शाळा मे महिन्यात चार दिवस वॉशिंग्टनला जाणार.

त्यांच्या नेपरव्हिलच्या शाळेच्या वाट्याला पोर्तुगाल आला तेव्हा ग्रेगचं तोंड उतरलं होतं, त्याला फ्रान्स हवा होता. कांचनचं मात्र पोर्तुगालवर पहिल्या दिवसापासून प्रेम बसलं. सहा आठवडे ती रोज शाळेनंतर लायब्ररीत बसली. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे युरोपचा नियम, मधे आपण काय करायचं ते; असे एकवीस तक्ते तिनं हातानं आखले. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिचा हात कधी वर जात नसे. मग ऑक्टोबरात एकदा चुकून वर गेला, उत्तर बरोबर निघालं, आणि तेव्हापासून तो हात खाली यायला तयार नव्हता. मिसेस लिंडक्विस्टना आता म्हणावं लागे की कांचन, इतरांनाही बोलू दे जरा. हे वाक्य तिला बक्षिसासारखं वाटायचं.

मसुदा तिनंच मांडला. आवाज कापला नाही, कागद पडले नाहीत. टाळ्या पण बऱ्या पडल्या. मग हॉलंडच्या टेबलावरचा चष्मेवाला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, पोर्तुगालनं जुना कायदा सरळ रद्दच का केला? त्यात दुरुस्ती करून भागलं नसतं का?

कांचनकडे उत्तर होतं, ते तिनं दिलं, पण हॉलंडचं समाधान होईना. अध्यक्षपदी कॉलेजातली ट्रेसी नावाची मुलगी होती. तिनं नियमांची वही उघडली. अशा वेळी समितीला एखाद्या जाणकाराचं मत घेता येतं, पाच मिनिटं. पोर्तुगालकडे आहे का कुणी?

होते. ग्रेगनं एक प्रोफेसर ठरवून ठेवले होते. पण त्यांना दुसऱ्या खोलीतल्या परीक्षकांनी अर्ध्या तासापूर्वीच ओढून नेलं होतं. ग्रेगनं दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि खुर्चीत खाली सरकला.

कांचननंही मागं पाहिलं. शेवटच्या रांगेत मांडीवर कोट घेऊन आई बसली होती. ती लवकर आली होती. पाच वाजता नेपरव्हिलला शरयूमावशीच्या बेसमेंटमध्ये मंडळाच्या पाडव्याच्या नाचाची प्रॅक्टिस होती, तिथं कांचनला न्यायचं होतं.

आई, म्हणजे शैला हर्षे, अमेरिकेत यायच्या आधी मुंबईत मंत्रालयाच्या विधी खात्यात विधेयकांचे मसुदे लिहायची. हे कांचनला माहीत होतं, पण एके काळी आईच्या दोन लांब वेण्या होत्या हे माहीत असावं तितपत. इलिनॉयनं तिची कायद्याची पदवी मानली नाही. वकिलीच्या परीक्षेला बसू द्या म्हणून केलेला अर्जही परत आला. आता ती पब्लिक लायब्ररीत अर्धा दिवस पुस्तकं जागेवर लावायची. घरात त्यावर कधी बोलणं निघत नसे.

"आमच्या एक्स्पर्ट इथंच आहेत," कांचन म्हणाली आणि तिनं शेवटच्या रांगेकडे हात केला.

शैलानं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"अगं, काय चाललंय तुझं?" पुढं येता येता ती मराठीत पुटपुटली. "गाडी नो-पार्किंगमध्ये आहे."

"आई, पाचच मिनिटं. मसुदा करेक्ट आहे एवढंच सांग."

"वाचल्याशिवाय कसं सांगू?"

ट्रेसीनं नोंदीसाठी नाव आणि व्यवसाय विचारला. कांचननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दुकानात, बँकेत, फोनवर आईच्या वतीनं तीच बोलायची. पण शैलानं कोट नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि त्या घडीला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ ती थांबली.

"शैला हर्षे," ती इंग्रजीत म्हणाली. "लेजिस्लेटिव्ह ड्राफ्ट्समन. आठ वर्षं."

मग तिनं पेन्सिल मागितली, मसुदा हातात घेतला आणि शेवटचं पान उघडलं.

"तुमच्याकडे मागून वाचतात का?" ग्रेग कुजबुजला. कांचननं त्याला कोपरानं ढोसलं. पण तिलाही कळेना. तिची सगळी मेहनत मधल्या पानांत होती, ते एकवीस तक्ते, आणि आई तिकडे बघतही नव्हती. शेवटचं पान. मग दुसरं. मग पुन्हा शेवटचं. मग तिनं मान वर करून कांचनकडे पाहिलं. लहानपणी थर्मामीटर वाचून झाल्यावर ती असंच पाहायची.

कांचननं मान अगदी हळूच नाही अशी हलवली. कुणालाही दिसणार नाही इतकी.

शैलानं ट्रेसीकडे तोंड केलं आणि विचारलं की जाणकारानं उत्तर कुणाला द्यायचं असतं, या टेबलाला की समितीला? ट्रेसीला ते वहीत शोधावं लागलं. समितीला, ती म्हणाली.

"मग सांगते. जुना कायदा रद्द करायला हरकत नाही. पण कलम दोननं तो एक ऑक्टोबरला रद्द होतो, आणि कलम चौदानं नवा कायदा लागू होतो एक जानेवारीला. मधे ब्याण्णव दिवस उरतात. या ब्याण्णव दिवसांत पोर्तुगालमध्ये एकही वकील नाही, एकही इंजिनिअर नाही, एकही शिक्षक नाही. म्हणजे माणसं आहेत, पण कायद्यानं ती कुणीच नाहीत."

हॉलमध्ये पानं उलटल्याचा आवाज झाला. सगळे शेवटच्या पानावर गेले होते.

"शाळा बंद?" मागून बेल्जियमनं विचारलं.

"शिक्षकच नसतील तर काय करणार," शैला म्हणाली. "ख्रिसमसपर्यंत बंद."

अख्ख्या हॉलनं पोर्तुगालच्या नावानं जल्लोष केला. कुणीतरी टेबल बडवलं. बेल्जियमनं तिथल्या तिथं पोर्तुगालचं नागरिकत्व मागितलं. ट्रेसीला सभा शांत करायची हातोडी सापडेना, कारण ती स्वतःच हसत होती. ग्रेगनं कपाळ टेबलावर टेकवलं.

कांचनचे कान तापले. सहा आठवडे. आणि हॉलंडच्या चष्मेवाल्यालासुद्धा ते दिसलं नव्हतं. आईनं नुसतं बरोबर आहे म्हटलं असतं तर या हॉलमध्ये कुणालाही कधीही कळलं नसतं. वॉशिंग्टन गेलंच. ते जाताना तिला जवळजवळ दिसलं.

ट्रेसीनं विचारलं की हे सुधारायचं कसं. एका ओळीचं काम आहे, शैला म्हणाली. नवा कायदा ज्या दिवशी लागू होईल त्याच दिवशी जुना रद्द होईल, असं लिहा. तिनं ती ओळ समासात लिहिलीसुद्धा. पेन्सिल खाली ठेवली आणि परत उचलली.

"आणि आणखी एक. ज्यांचे अर्ज जुन्या कायद्याखाली आधीच टेबलावर पडलेत, त्यांचं काय ते मसुद्यात नाही. जुनं ऑफिस म्हणेल आमचं काम संपलं, नवं म्हणेल आमच्याकडे अर्जच नाही." तिचा आवाज तेवढ्यापुरता खाली आला. "ती माणसं वाट बघत असतात. त्यांच्यासाठी एक कलम ठेवायचं असतं."

कुणी हसलं नाही. ग्रेगनंही डोकं उचललं होतं.

पाच मिनिटं केव्हाच संपली होती, पण ट्रेसीनं घड्याळ उलटं ठेवलं होतं. हॉलंडचा मुलगा पुन्हा उभा राहिला. या वेळी तो स्वतःच्या शेवटच्या पानाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा काही बरा नव्हता. त्यानं विचारलं की मिसेस हर्षे आमचाही मसुदा जरा बघतील का. नियमांच्या वहीत याबद्दल काहीच नव्हतं. ट्रेसीनं मग पंधरा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

सुट्टीत पोर्तुगालच्या टेबलापुढं रांग लागली. आयर्लंड, इटली, डेन्मार्क. बेल्जियमनं मधे घुसायचा प्रयत्न केला. कांचन फुरंगटून भिंतीला टेकून उभी होती. चांगलं पाऊण तास रागवायचं तिनं ठरवलं होतं. पण समोर आईनं चष्मा केसांवर सरकवला होता, पेन्सिल कानामागं खोचली होती, आणि आयर्लंडच्या सहा फुटी मुलाला ती विचारत होती की ही मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची ते सांग. तो डोकं खाजवत काहीतरी सांगू लागला, तर तिनं त्याला अर्ध्यात तोडलं. कांचननं आईला कुणाचं बोलणं तोडताना कधी पाहिलं नव्हतं. आणि तोडलं ते किती मजेत! मुलगाही खूश होऊन कलम चार शोधायला लागला.

कांचनचा राग चार मिनिटं टिकला. मग ती पुढं गेली, रांगेच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिनं बेल्जियमला मागं ढकललं.

"वन ॲट अ टाइम, प्लीज. आयर्लंडनंतर इटली. शेवटचं पान उघडून तयार राहा."

वॉशिंग्टन हॉलंडला मिळालं. पोर्तुगाल चौथा आला. ग्रेगनं हिशेब मांडून दाखवला की तुझ्या आईनं आपल्याला एकूण तीन नंबर खाली आणलं, आणि मग झेंडा गुंडाळता गुंडाळता विचारलं की पुढच्या वर्षी त्या आपल्याच बाजूनं असतील ना.

"त्या कुणाच्याच बाजूनं नसतात," कांचन म्हणाली. "समितीच्या असतात."

गाडीला नो-पार्किंगचं तिकीट लागलं नव्हतं. ग्रेग शाळेच्या व्हॅनमध्ये बसला, या दोघी निघाल्या. दोन्ही बाजूंना मक्याच्या कापलेल्या शेतांत मळका बर्फ पडला होता आणि त्यावर ऊन आलं होतं.

"खुणेनं तरी सांगायचंस मला," कांचन म्हणाली. "मी सुट्टी मागून घेतली असती."

"तू मागितलीस कुठे? तू नाही म्हणून मान हलवलीस." शैला हसली. "आणि मला समितीनं विचारलं होतं गं."

मग शैला आपणहून बोलायला लागली. एकाहत्तर सालची गोष्ट. गावोगाव तंबू लावून सिनेमा दाखवणाऱ्यांच्या परवान्यांचं विधेयक होतं. टाइप झालेलं, सह्या झालेल्या, फाइल खाली निघालेली. तिनं डबा पिशवीत टाकता टाकता सहज शेवटची प्रत उघडली, तर तिथंही असंच भगदाड. सबंध एक महिना राज्यात कुणीही कुठंही तंबू ठोकावा आणि सिनेमा दाखवावा. लिफ्ट बंद. ती जिन्यानं धावली, पाचव्या मजल्यावरून, तिसऱ्यावर चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल तिथंच सोडली आणि एका चपलेवर उपसचिवांच्या दारात जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, मिस गोगटे, आग लागलीय का? सांगताना ती उपसचिवांसारखी मान तिरकी करत होती. एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा हवेत कलमं आखत होता.

समोरून नेपरव्हिलच्या एक्झिटचा हिरवा बोर्ड आला. उजवीकडे बाहेर पडायचं सोडून शैला डावीकडच्याच लेनमध्ये राहिली. बोर्ड मोठा झाला, डोक्यावरून गेला आणि मागं पडला. कांचननं घड्याळ पाहिलं, पाच वाजायला दहा मिनिटं होती.

कांचननं पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली आणि आईकडे वळून बसली.

"मग?" तिनं विचारलं. "तू काय म्हणालीस त्यांना?"