डॉक्टरच्या नावाचा नारळ

परसराम गुरुजींना इराणची काळजी लागली त्या वर्षी आर्द्रा कोरडी चालली होती. मृगात टाकलेले धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, हातभर वाढून रोवणीची वाट पाहत उभे होते. आभाळ रोज यायचे आणि हात हलवत परत जायचे. इकडे आमगावच्या रस्त्यावर शालीकरामच्या चहाटपरीत गुरुजी मात्र रोज सकाळी तेहरानचा आढावा घेत बसत. तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली होती. उभ्या राहिलेल्यांत सुधारक म्हणावा असा एकच, पेशाने हृदयाचा डॉक्टर, आणि निवृत्त हेडमास्तर परसराम गुरुजींचा जीव त्या डॉक्टरवर जडला होता.

"म्हाताऱ्यांची एक समिती बसते," गुरुजी बशीतला चहा फुंकत सांगत, "आणि कोणी उभं राहायचं, कोणी नाही, ते तीच ठरवते. याला निवडणूक म्हणायचं? अरे, लोकांना निवडू द्या. एकाच टोळक्याने किती दिवस बसायचं खुर्चीवर?"

टपरीवरचे लोक माना डोलवत. गुरुजी स्वतः गावतलावाच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष किती वर्षांपासून होते, हे कोणालाच नीट आठवत नव्हते. निवड दर खेपेला अविरोध होई. सभा गुरुजी बोलावत, तारीख गुरुजी धरत, चिवडाही गुरुजींच्याच घरचा. मग विरोध कोणत्या तोंडाने करायचा? त्यातून तलाव बांधला गुरुजींच्या पणजोबाने. तलावाच्या पाळीतले तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे जुने दार, उघडण्याचा मान त्यांच्याच घराण्याचा. पाणी आधी तलावालगतच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांना मिळे, आणि त्यातली पहिली बांधी योगायोगाने गुरुजींची होती. पाटाच्या टोकाला पाणी पोचायचे नाही, पाणी सोडल्याची बातमी तेवढी पोचायची.

त्या टोकाला प्रेमिला ठेक्याने शेती करत होती. नवरा हैदराबादेला बांधकामावर, घरी दोन लेकरे आणि एक म्हैस. तिचे पऱ्हे पिवळे पडायला लागले होते. आणखी पंधरा दिवसांत पाणी मिळाले नाही तर यंदाचा धान गेला, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाणी येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सोडायचे असे संस्थेने ठरवले होते, पण नेहमीच्या क्रमाने. एका सकाळी ती टपरीवर दूध घालायला आली तेव्हा शालीकराम गुरुजींना विचारत होता, "तिकडचं ठीक हाये गुरुजी, पन इकडं सुधारना कवा?"

"इकडे काय कमी आहे?" गुरुजी म्हणाले.

"टोकाले पानी कमी हाये," प्रेमिला दूध मोजतच बोलली.

लोक हसले. गुरुजींना ते हसणे झोंबले, आणि झोंबले की त्यांना भाषण सुचे. "हा डॉक्टर निवडून येऊ दे, प्रेमिला. मग बघ. यंदाचं पाणी मी टोकापासून सोडतो. आधी तुमच्या बांध्या भरतील, मग माझी."

प्रेमिला हसली नाही. "देवापुढं बोलता काय?"

आता टपरीभर माणसे बघत असताना सुधारकाने माघार कशी घ्यायची? ती शेजारच्या किराणा दुकानातून नारळ घेऊन आली आणि सगळी वरात पाळीवरच्या मारुतीपुढे जाऊन उभी राहिली. गुरुजींनी छापील भाषेत नवस बोलून दाखवला. नारळ लाल फडक्यात बांधून देवाच्या पायाशी ठेवला गेला. नवस फिटला की फोडायचा. जन्मभर शाळेत अंधश्रद्धेवर बोललेल्या माणसाला नवस बोलणे फार सोपे असते. विश्वासच नसतो, मग जाते काय?

"कायले ठेवला नारळ?" घरी बायकोने, मनकर्णाबाईंनी विचारले. गुरुजींच्या घरात देवाला भिणारे माणूस त्या एकट्याच.

"अवो, तो येत नाही निवडून," गुरुजी घरच्या बोलीत म्हणाले. "शोभेले उभा केला त्याले."

"मंग रोज टपरीवर येईन येईन काऊन म्हनता?"

"आशा ठेवाले काय लागते?"

पण तिकडच्या लोकांना गुरुजींचा हिशेब कळवायचा राहिला होता. पहिल्या फेरीत डॉक्टर पुढे निघाला. पुरेशी मते कोणालाच नव्हती म्हणून दुसरी फेरी लागली, ती शुक्रवारी. ही बातमी शालीकरामने मोबाईलवर मोठ्याने वाचली तेव्हा गुरुजींना ठसका लागला.

आणि गावात एकदम लोकशाही आली. ज्यांना जिल्ह्याचा पालकमंत्री कोण हे ठाऊक नव्हते, ती टोकाकडची माणसे इराणची दुसरी फेरी तोंडपाठ सांगू लागली. "डॉक्टर काय म्हनते, गुरुजी?" असे रस्त्यात अडवून विचारू लागली. प्रेमिलाने तर शुक्रवारचा उपास धरला. तिकडे परमुलखात कोण्या डॉक्टरला मत पडावे म्हणून इकडे आमगावच्या शिवारात एक बाई दिवसभर पाण्यावर राहिली. त्या डॉक्टरला हे कळते तर बिचाऱ्याने स्वतःचेच हृदय तपासून घेतले असते.

गुरुजी मात्र बदलले. विरोधी उमेदवारात त्यांना एकेक गुण दिसू लागला. "तसा माणूस अनुभवी आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "देश चालवायचा म्हणजे शिस्त लागते. सुधारणा घाईत झाल्या की घात होतो." टपरीवरचे लोक यालाही माना डोलवत राहिले. घरी मनकर्णाबाई बोलल्या. "परवापरेंत तं डॉक्टर देव होता. आता काय झालं त्याले?"

शनिवारी सकाळी निकाल आला. डॉक्टर जिंकला. गुरुजींनी मोबाईल बंद करून डोके दुखत असल्याचे जाहीर केले, पण माणसे दारात आली होती. पुढे प्रेमिला, मागे टोकाचे सगळे.

गुरुजी ओसरीवर आले तेव्हा त्यांचे उत्तर तयार होते. "आनंदाचीच गोष्ट आहे. पण नीट समजून घ्या. निवडून आला म्हणजे राष्ट्राध्यक्ष झाला असं नसतं. खरी सत्ता तिथे वरच्यांच्या हातात. त्यांची मान्यता लागते, मग शपथविधी. तो महिनाअखेर. शपथ झाली की माझा शब्द लागू."

"तवरी पऱ्हे जळतीन, गुरुजी."

"नियम म्हणजे नियम. उद्या पाणी नेहमीच्या क्रमानेच सुटेल."

प्रेमिलाने पदर खोचला. "ठीक हाये. नारळ तसाच रायते मंग. देव पाहून घेईन." एवढे बोलून ती निघून गेली. गुरुजींना फार बरे वाटले. हा पेच आपण किती सफाईने सोडवला, असेही वाटले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

रविवारी त्यांनी पणजोबाचे नाव घेऊन तुडूम उघडले. पाणी खळखळत पाटात उतरले. गुरुजी त्याच्याबरोबर चालत आपल्या बांधीपाशी आले आणि थबकले. बांधीचे पाणी घ्यायचे तोंड चिखलाने गच्च लिंपलेले होते, आणि शेजारी बांधावर मनकर्णाबाई फावडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"हे काय?"

"घरात नातू हाये. फसवल्या नवसाचं पानी मी माह्या बांधीत घेत नाही."

"ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!"

"असन. पन हे तोंड तुमी उघडलं तं मी या पाटातच बसतो."

पाणी पुढे गेले. पुढची बांधी केशोरावांची. ते गुरुजींच्याच हाताखाली शिकलेले, अंधश्रद्धेवरच्या निबंधात बक्षीस मिळवलेले. त्यांचेही तोंड बंद होते. "तुमचं सारं पटते गुरुजी," केशोराव नजर चुकवत म्हणाले, "पन माही गाय गाभन हाये." त्याच्या पुढचे तोंड बंद, त्याच्याही पुढचे बंद. पाटाच्या दोन्ही अंगाला माणसे आपापल्या बांधीचे तोंड पायाने दाबून उभी होती, आणि पाणी कोणी विचारेना म्हणून खाली खाली धावत होते. गुरुजींना तुडूम बंद करावेसे वाटले. पण पाळीवर अख्खे गाव जमले होते, आणि मान त्यांच्या घराण्याचा होता तो उघडण्याचा. बंद करण्याचा कोणी सांगितला नव्हता.

प्रेमिलाच्या बांध्या दुपारपर्यंत भरल्या. बायांनी पऱ्हे उपटून पेंढ्या बांधल्या आणि त्याच चिखलात रोवणी धरली. टोकाला एवढे पाणी पहिल्यांदाच उभे राहिलेले. एक म्हातारी नुसतीच बांधावर बसून ते बघत राहिली. संध्याकाळी मारुतीपुढे नारळ फुटला. प्रेमिलाने गुरुजींच्या घरी खोबऱ्याचा मोठा तुकडा पाठवला, आणि मग कुठे मनकर्णाबाईंनी आपल्या बांधीचे तोंड मोकळे केले. गुरुजींचे पऱ्हे तोवर पिवळे पडायला लागले होते. त्यांचा नंबर आता शेवटचा होता.

सोमवारी गुरुजी टपरीवर आले ते छाती काढूनच. "लोकशाहीत असाच बदल होतो," ते शालीकरामला म्हणाले, "आपण फक्त पहिलं पाऊल टाकायचं असतं." शालीकरामने ऐकून घेतले. गिऱ्हाइकाशी वाद घालून चहा खपत नाही. मग गुरुजींनी बशी भरली आणि विषय फ्रान्सकडे वळवला. तिथेही कालच मतदान झाले होते. आता तिथे कोणाचे सरकार यायला हवे, जनतेचे हित कशात आहे, हे त्यांनी सविस्तर सांगायला घेतले.

प्रेमिला कोपऱ्यात दूध मोजत होती. हाताला अजून रोवणीचा चिखल होता. तिने माप खाली ठेवले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "गुरुजी, नारळ आनू काय?"