एकदाच लागणारी पेटी

मी पेटी. वाजवायची नाही, कपड्यांचीही नाही. माझ्या झाकणावर मोरांची जोडी कोरलेली आहे, झाकणाला आतून आरसा आहे, आणि मी आहे शवपेटी! हसू आलं ना? येऊ द्या. रत्नमालाबाईंनाही आलं होतं.

माझा जन्म आंधळगावचा, टेकचंद सुतारांच्या अंगणातला. एका दुपारी त्यांना वरठीहून रत्नमालाबाईंचा फोन आला. बाईंनी उभा जन्म नर्सची नोकरी केलेली, त्यामुळे बोलणं मोजकं. "टेकचंदभाऊ, एक पेटी पाह्यजे. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, सागाची. एकदाच लागते, पन चांगली करजा."

एकदाच लागते म्हणजे लग्नच, असं टेकचंदभाऊंनी धरलं. बाईंच्या नातीबितीचं असेल. लांबी जरा जास्तच वाटली, पण गाद्या-रजया ठेवायच्या असतील म्हणून ते हौसेनं कामाला लागले. पितळी कडी झाली, मोर झाले, बांगड्यांसाठी एक छोटा खण झाला. नवरी कशी असेल, माझ्यात काय काय ठेवेल, हेच मी दिवसभर मनात घोळवायची.

टेकचंदभाऊंनी छोट्या हत्ती टेम्पोतून मला वरठीला उतरवलं, तर नवरी कुठंच दिसेना. बाहेर आल्या त्या बहात्तर वर्षांच्या रत्नमालाबाई. त्यांनी मोर पाहिले, झाकण उघडून आरसा पाहिला, आणि पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अव माय! टेकचंदभाऊ, हे माह्या मातीसाठी होय. आमी ख्रिस्ती लोकं, आमच्यात पेटीत ठेवूनच माती देतात न."

टेकचंदभाऊंचं तोंड एवढंसं झालं. जित्या माणसाची पेटी आपल्या हातून झाली म्हणून त्यांनी कानाला हात लावले आणि मला परत न्यायला निघाले. बाईंनी अडवलं. "राहू द्या. आरसा बी राहू द्या. प्रभूपाशी जातानी भांग सरळ हाये का नाई, पाहून घेईन."

तर असं माझं खरं काम मला कळलं. पण कळलं म्हणून समजलं असं थोडंच होतं? बाईंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. पुढच्या गुरुवारी नागपूरला ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी कसलीच हमी दिली नव्हती. संध्याकाळी त्या माझ्यावरच बसून बायबल वाचायच्या. मला वाटायचं, एवढा विश्वास असलेल्या माणसाला भीती कसली? एकदा त्या सुनेला, स्वातीला म्हणाल्या, "भरोसा हाये वं, पन भेव बी लागते." मी चाटच पडले. दोन्ही एकाच माणसात राहतात, हे लाकडाला कुठून ठाऊक असणार?

खरा घोळ होता तो त्यांच्या मुलाचा. नीलेश कारखान्यात शिफ्टला जातो, माणूस लाखात एक, पण माझ्याकडे बघायला तयार नाही. त्यानं माझ्यावर गादी टाकली, चादर घातली, दोन उशा ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "नवा दिवाण घेतला." बाईंना त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं, ऑपरेशनच्या आधीच. त्या तोंड उघडायच्या की हा गाडीची किल्ली घ्यायचा. "आई, काहून असं बोलून राहिली तू? शुभ बोल."

एकदा बाई चिडल्याच. "प्रभू येशूच्या मरनाची गोष्ट दर गुड फ्रायडेले तीन-तीन तास आयकतो न तू? मंग मायचीच काहून नाई आयकत?"

तो गेलाच निघून.

बुधवारी सकाळी बाईंनी चादर ओढून काढली, गादी खाली ढकलली, आणि त्या सरळ माझ्यात येऊन बसल्या. "आयकल्याबिगर मी उठत नाई!"

नीलेशनं विनवण्या केल्या. स्वाती चहा घेऊन आली, बाईंनी तो माझ्यातच बसून प्यायला. शेजारच्या कौशल्याबाई धावत आल्या, "अवो रत्नमालाबाई, कायले असं अभद्र करता?" म्हणून हात ओढू लागल्या. बाई हलल्या नाहीत. मला तर कोण आनंद झाला होता! एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला पेटी म्हणून वापरत होतं. शेवटी कौशल्याबाई थकून घरी गेल्या आणि नीलेश माझ्या शेजारी फरशीवर बसला.

मला वाटलं, आता बाई कबरीची जागा सांगतील, गाणी सांगतील. त्यांनी सांगितलं ते वेगळंच.

"तुहे बाबा गेले त्या दिवशी मी तुले म्हटलं होतं, बरे हायेत, तू ड्युटीवर जा. मी खोटं बोलली. मी नर्स होती रे. त्याहिचा श्वास पाहूनच मले समजलं होतं का दिवस निघत नाई. तू रडशील म्हनून तुले धाडलं. तुही भेट चुकली. चार वर्ष झाले, मले ते गिळवत नाई. उद्या माहं काई झालं तं हे तसंच राहीन. माफ कर मले."

नीलेश हळूच म्हणाला, "मलेबी माहीत होतं, आई. मलेबी दिसत होतं. तू जा म्हटलं अन् मले सुटल्यावानी वाटलं. मी भेवूनच पळालो होतो."

बाईंनी माझ्या कडेवरून हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. दोघंही रडली. मी सागाची म्हणून, नाहीतर त्या दिवशी फुगलेच असते.

बाईंना उठवल्यावर नीलेश थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभा राहिला. "पाहू दे बरं मलेबी," म्हणत तो आडवा झाला. सहा फुटी गडी, पाय बाहेर! बाई हसत म्हणाल्या, "तुले दुसरी लागन, लेका. पन घाई नोको करू."

आज गुरुवार. मायलेक पहाटेच नागपूरला गेले. चादर परत कुणी घातली नाही, कौशल्याबाईंनी विचारलं तेव्हा स्वाती सरळ म्हणाली, "आईची पेटी होय." आत्ता त्या दोघी माझ्याजवळ बसल्या आहेत. स्वाती प्रार्थना करते आहे. "प्रभू, आईले सुखरूप घरी आन." कौशल्याबाईंनी तिचा हात धरला, तशी ती पुढं म्हणाली, "अन् तुह्या मनात दुसरं असन, तं आमाले धीर दे."

हे दुसरं वाक्य या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. बाई परत येतील की नाही, हे मलाही ठाऊक नाही, आणि मी कितीही वर्षं रिकामी राहायला तयार आहे. पण मंडळी, तुमच्या घरात ते वाक्य कुणाच्या ओठांवर अडलं असेल, तर त्याला बोलू द्या. पेटीत बसायची वेळ आणू नका त्याच्यावर.