कारखान्याचा चौतीस

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या ज्या जीन्सच्या कारखान्यात मी काम करतो, तिथे मला शंकर म्हणणारे मोजकेच. बाकी सगळ्यांसाठी मी ‘चौतीस’. अकरा वर्षांपूर्वी कामाला लागलो तेव्हा सेठनी माझ्या कमरेला टेप लावला, तो बरोब्बर चौतीसवर थांबला आणि सेठ खूश होऊन म्हणाले, “ये हुआ ना हमारा चौतीस!” तेव्हापासून प्रत्येक नवीन जीन्सचं सँपल आधी माझ्या अंगावर चढतं. मी ते घालून उभा राहतो, बसतो, उकिडवा होतो, एक पाय स्टुलावर ठेवतो आणि कुठे रुततंय, कुठे ओढतंय ते सांगतो. मग आमचा कटिंग मास्टर अनंता त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापतो आणि त्या फर्म्यावरून हजारो चौतीस नंबरच्या जीन्स निघतात. उरलेला वेळ मी चेकिंगच्या टेबलावर धागे कापतो. धागे काय, कुणीही कापेल. पण चौतीस मी एकटा.

मला या गोष्टीचा भारी अभिमान. माझी मुलगी स्वप्नाली शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, “चौतीस नंबर घेणारा प्रत्येक माणूस माझ्या पप्पांची पँट घालतो.” ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे ते खरोखरच चढलं, आणि मूठभरावर थांबलं नाही.

कारणं शोधायला लांब जायला नको. सकाळी कामावर आलो की सेठच्या ओळखीच्या गाडीवरचं तेलात तळलेलं दालपकवान, दिवसभरात सहा चहा, संध्याकाळी अंबरनाथला पोचलो की एक वडापाव, आणि बुवापाड्याला घरी शालनच्या हातचा गरम भात. पण पोट सुटलंय हे मला पटायला काही पुरावा नको? कारखान्यातली दर वर्षीची चौतीस नंबरची जीन्स मला अंगासरशी बसत होती. बाहेर मात्र भलताच कारभार. भाच्याच्या लग्नासाठी दुकानात पँट घ्यायला गेलो, तर चौतीस मांडीवरच अडकली. मी दुकानदाराला सुनावलं, “या कंपन्यांचे मास्टर शिकाऊ आहेत.” शालन म्हणाली, “अहो, अडतीस काढायला सांगा आणि चला घरी.” मी तिच्यावरही चिडलो. चिडणं मला कायम सोपं जातं.

दिवाळी झाली आणि खानदेशातल्या एका व्यापाऱ्याने दोन गठ्ठे माल परत पाठवला. सोबत फोनवर निरोप, “सेठ, तुमच्या चौतीसमध्ये माझं छत्तीसचं गिऱ्हाईक शिरतंय, आणि वर हात घालायला जागा उरतेय.” सेठनी एक जीन्स टेबलावर आडवी टाकून मापली. साडेछत्तीस. त्यांनी अनंताकडे बघितलं. अनंता हळूच म्हणाला, “सेठ, शंकरच्या अंगावरच फिट केलंय.”

मग टेप माझ्या कमरेला लागला. सेठनी आकडा दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला. साडेसदतीस. सगळ्या मशिनी थांबल्या आणि मग जे हसू फुटलं, ते चहाची वेळ होईपर्यंत थांबलं नाही. मीही हसल्यासारखं केलं. आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सेठ हसले नाहीत. म्हणाले, “शंकरभाई, मुंबई में पुतळा मिळतो. प्लास्टिकचा, पक्का चौतीस. ना दालपकवान खाता है, ना चाय पीता है. पण वो बोलता नहीं, तू बोलता है, म्हणून तुला टाइम देतो. लग्नसराईचं सँपल फेब्रुवारीअखेर काढायचं. तब तक चौतीस होके दिखा. नहीं तो पुतळा.” धागे कापायचं काम राहणार होतं, पगारही राहणार होता. जाणार होतं ते फक्त नाव. मला तेच नको होतं.

त्या दिवसापासून मी उपास धरला. सकाळी काकडी, दुपारी काकडी, संध्याकाळी पाणी. शालनने ताट वाढलं की मी ते असं सरकवायचो, जणू तिनेच मला साडेसदतीस केलं होतं. चौथ्या दिवशी चेकिंगच्या टेबलावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कैचीने एका जीन्सचा खिसा कापला गेला. रविवारी मटण शिजलं आणि मी चार दिवसांचं एका बैठकीत वसूल केलं. सोमवारी वजन केलं, तर होतं तेवढंच. एक्क्याऐंशी किलो.

स्वप्नाली आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने माझी ही थेरं आठवडाभर गुपचूप बघितली आणि मग वही-पेन घेऊन समोर बसली. “पप्पा, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा. चहासकट.” मी सांगत गेलो, ती प्रत्येकापुढे कॅलरी लिहीत गेली. दालपकवानपुढचा आकडा बघून मला वाटलं, पोरगी चुकली. सहा चहा, दोन-दोन चमचे साखर आणि वर दूध, याची बेरीज जवळजवळ एका जेवणाएवढी निघाली. मी आपला चहाला जेवणात धरतच नव्हतो.

“कापड कापताना शिलाईला अर्धा इंच सोडता ना?” ती म्हणाली. “तो अर्धा इंच मापून सोडता. मग ताटात सगळं अंदाजपंचे कसं चालतं? उपाशी नाही राहायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव ताटात डाळ, नाहीतर अंडं, मासळी, मटण, जे असेल ते. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. दोन्ही नाही. रोज खाण्यातनं पाचेकशे कॅलरी कमी झाल्या तरी भरपूर झालं. आणि रोज चालायचं.”

आतून शालनचा आवाज आला, “आता माझ्या स्वयंपाकालाही टेप लावणार का तुम्ही बापलेक?” पण दुसऱ्या दिवशी तिने कढईत तेल ओतण्याऐवजी चमच्याने घातलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तीन चमचे. लिहून ठेवा.” मेथी, मुळा, गाजर, थंडीतल्या सगळ्या भाज्या स्वस्त होत्या आणि तिच्या हाताला चव होतीच. पहिले आठ दिवस मला वाटायचं, मी बकरी झालोय. मग हळूहळू लक्षात आलं की जेवल्यावर मला झोप येईनाशी झालीय. चहा सहाचे दोन झाले, तेही बिनसाखरेचे. पहिला बिनसाखरेचा चहा प्यायलो तेव्हा माझा चेहरा बघून चहावाल्याने विचारलं, “दूध फाटलंय काय?”

आणि मी कारखान्यातून अंबरनाथपर्यंत चालायला लागलो. रिक्षा बंद. पहिल्याच संध्याकाळी अनंता गेटवर उभा होता. तो बदलापूरला कात्रपला राहतो, रोज शेअर रिक्षाने अंबरनाथ स्टेशन गाठतो. म्हणाला, “चल, मीपन येतो. एकटा कुठं जाशील?” मला बरं वाटलं. रस्ताभर तो गावाकडच्या गप्पा मारायचा, लग्नाच्या हळदीत जेवणाला कोणाकडे किती कोंबड्या कापल्या ते सांगायचा आणि मग जीभ चावायचा. पाऊण तास लागायचा, पुढे पस्तीस मिनिटांत पोचायला लागलो. माझा धाप लागण्याचा आवाज बंद झाला, तसे मला रस्त्यावरचे इतर आवाज ऐकू यायला लागले.

जानेवारीच्या मध्यावर मी शहात्तर किलोवर आलो आणि तिथेच अडकलो. तीन आठवडे काटा हलेना. त्यातच सेठनी पुतळा आणून ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, बिनडोक्याचा, कोपऱ्यात उभा. पोरांनी त्याच्या मानेवर टोपी अडकवली आणि सकाळी येता-जाता त्याला सलाम ठोकायला लागले, “नमस्कार, चौतीस!” गंमत होती, मला कळत होतं. तरी मी त्या दिवशी दुपारी डबा उघडला नाही. स्वप्नालीला संध्याकाळी सांगितलं, तर ती म्हणाली, “काटा अडकतो कधीकधी, पप्पा. शरीराला वेळ लागतो. पण डबा का परत आणला? पुतळ्याशी स्पर्धा लावून उपाशी राहिलात तर पुतळाच जिंकणार.” मग तिने मला रोज पंचवीस बैठका लावल्या.

त्याच आठवड्यात जुना फर्मा शोधायला मी अनंताच्या टेबलामागे गेलो. भिंतीवर खिळ्याला सगळ्या वर्षांचे चौतीसचे फर्मे टांगलेले असतात, प्रत्येकावर अनंताच्या अक्षरात वर्ष. मी सहज दोन फर्मे एकमेकांवर ठेवले. खालचा पाव इंच बाहेर आला. मग तिसरा ठेवला, चौथा ठेवला. पहिली चार वर्षं एकच माप होतं. पुढच्या सात वर्षांत प्रत्येक फर्मा आधीच्यापेक्षा पाव इंच, कधी अर्धा इंच मोठा. नुसत्या नजरेने पाव इंच ओळखणाऱ्या मास्टरच्या हातून सात वर्षं सलग चूक होत नाही.

त्या संध्याकाळी रस्त्यात मी त्याला थांबवलं. “तुला माहीत होतं?”

अनंताने नाटक केलं नाही. “हो. पहिल्यांदा तू बटण लावताना पोट आत घेतलंस. श्वास रोखून उभा होतास. सगळे बघत होते, सेठपन. मना वाटला, पाव इंचानी काय बिघडतंय? सोडला पाव इंच. तू श्वास सोडलास आनि हसलास. मग दरसाल सोडत गेलो. तुला कसा सांगू, तू जाड झालास म्हनून? तू किती चिडतोस.”

“मग माझ्या तोंडावर सांगायचं होतंस! सात वर्षं मला फसवलंस. सगळ्या कारखान्यासमोर माझं हसं झालं.”

“माजीपन झोप उडाली रे. म्हनून तं रोज चालतोय तुझ्यासंगं.”

मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायला लागलो. दोन दिवस मी पलीकडून, तो अलीकडून, असं आम्ही अंबरनाथला पोचलो. तिसऱ्या दिवशी माझा राग उतरला, कारण खरं सांगायचं तर फसलो होतो मी स्वतःच. दुकानातल्या आरशात मला दिसत होतं. श्वास मी रोखला होता. त्याने फक्त मला आवडेल ते माप दिलं होतं. मी रस्ता ओलांडून त्याच्या बाजूला आलो आणि विचारलं, “परवाच्या हळदीत किती कोंबड्या कापल्या?” तो एवढा हसला की रिक्षावाले बघायला लागले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सेठनी मला बोलावलं. मी चौऱ्याहत्तर किलोवर आलो होतो. अनंताने पहिल्या वर्षाच्या फर्म्यावरून नवीन कापडात सँपल शिवून घेतलं होतं. पुतळ्याची पिशवी काढून त्याला टेबलाशेजारी उभं केलं होतं. मशिनी पुन्हा थांबल्या, पण या वेळी कुणी हसत नव्हतं. मी जीन्स चढवली. मांडीवरून गेली, कुल्ल्यावरून गेली. बटण लागलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

सेठनी माझी पाठ थोपटली. “वाह, शंकरभाई! मास्टर, टेप लगा. कर पास.”

अनंताने माझ्या कमरेला टेप लावला. मी श्वास रोखला नव्हता, पण त्याने तरीही सांगितलं, “सोड श्वास.” मी सोडला. त्याने आकडा बघितला, पुन्हा बघितला.

“साडेचौतीस,” तो म्हणाला.

“अरे, आधा इंच तो चलता है,” सेठ म्हणाले. “बटन लगा ना? हो गया. पुतळा हटाओ.”

पोरं पुढे आलीसुद्धा. माझं काम झालं होतं. तीन महिन्यांनी माझं नाव मला परत मिळालं होतं, फक्त अनंताने मान हलवायची होती. त्याने टेप माझ्या कमरेवरून काढला नाही.

“नाय, सेठ. अर्धा इंच जास्त हाय. यो चौतीस नाय.”

माझ्या ओठांवर शिवी आली होती. मग मी त्याच्याकडे बघितलं. टेप त्याने अजून धरूनच ठेवला होता. गेली सात वर्षं हा माणूस मी दुखावला जाऊ नये म्हणून कापड सोडत आला होता, आणि आज सगळ्यांसमोर, मी जिंकलेला असताना, तो मला अर्धा इंच सोडायला तयार नव्हता. आणि मला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल. उलट इतकं हलकं वाटलं की ते वजनाच्या काट्यावर कधी दिसणार नाही.

“मास्टर बरोबर बोलतोय, सेठ,” मी म्हणालो. “सँपल आज पुतळ्यावर काढा. मला पंधरा दिवस द्या.”

सेठनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “पागल आहात दोघं,” ते म्हणाले, आणि पंधरा दिवस दिले.

संध्याकाळी गेटवर अनंता उभा नव्हता, तो आधीच रस्त्याला लागला होता. लाजला असावा. मी धावत जाऊन त्याला गाठलं. एवढं अंतर धावूनही मला धाप लागली नाही, हे त्याच्याच लक्षात आलं, आणि तो काहीतरी बोलणार एवढ्यात मी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

“आज अंबरनाथच्या पुढेपण चालू,” मी म्हणालो. “अर्धा इंच घालवायचाय.”